आंबोलीचे मिश्र थवे: पुढे नेमकं कोण असतं?

घाटमाथा
१२ जानेवारी, रात्री ९:४०

गेले दोन हिवाळे आंबोलीत दिसलेल्या प्रत्येक मिश्र थव्याच्या, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र चरत फिरतात त्या थव्याच्या, नोंदीपुढे मी वहीत "पुढारी: भृंगराज कोतवाल" असं लिहीत आलो. काल सकाळी ते खोडावं लागलं. इथल्या बऱ्याच जणांच्या नोंदींतही तेच लिहिलेलं असेल असं वाटतं, म्हणून हा धागा.

जागा महादेवगडाच्या वाटेवरचं रान. अंजनी, जांभूळ, पिसा, अधूनमधून हिरडा, खाली कारवी. मागच्या पावसात एक मोठं झाड उन्मळून पडलंय, त्यामुळे तिथे पंधरा-सोळा पावलांची मोकळी फट झाली आहे. फटीच्या एका टोकाला दगडावर बसून राहिलो. पाऊण तास काहीच नाही. दूर कुठेतरी तांबट, तेवढाच आवाज.

८:१० ला डावीकडच्या कारवीतून बारीक कुरकुर सुरू झाली. मग फुलवेट्टा आले, म्हणजे जुने पक्षीमित्र ज्यांना क्वेकर बॅबलर म्हणतात ते. राखी डोकं, मातकट अंग, नजरेत न भरणारे. एकामागून एक असे सात, कमरेच्या उंचीवरून फट ओलांडून गेले. त्यांच्या पाठोपाठ निळसर ब्लॅक-नेप्ड मोनार्कची जोडी. मग वरच्या फांद्यांतून नारिंगी निखार, दोन-तीन पर्ण वटवट्ये, खोडावरून डोकं खाली करून उतरणारी मखमली शिलींध्री, पिवळ्या भुवईचे बुलबुल. भृंगराज आला तो मिनीटभरानंतर. आला आणि फटीच्या कडेला, सगळ्यांत उघड्या फांदीवर बसला. शेपटीची ती दोन लांब पिसं हलत होती. मी नेहमीच्या वेळी आलो असतो तर मला तोच पहिल्यांदा दिसला असता आणि वहीत तोच पुढारी झाला असता.

पण मला पटलं ते त्यानंतर जे झालं त्यामुळे. फट ओलांडल्यावर थवा सरळ वर चढत होता आणि भृंगराज उडून सगळ्यांच्या पुढे जाऊन बसला होता. तेवढ्यात फुलवेट्टा उजवीकडे ओहोळाच्या दिशेने वळले. मोनार्क वळले, निखार वळले. भृंगराज काही वेळ तिथेच बसून राहिला, दोनदा ओरडला, आणि मग मागे फिरून त्यांच्यामागे गेला.

तुमच्या रानात कोण आधी येतं आणि कोण मागून येतं, ते लिहा. एक विनंती: किमान दोन जाती, एकाच दिशेने सरकणाऱ्या, आणि निदान पाच मिनिटं तुमच्या नजरेसमोर एकत्र असलेल्या, अशाच नोंदी द्या. उंबरावर फळं खायला जमलेले पक्षी किंवा वाळवी उडाल्यावर झालेली गर्दी इथे नको. ते एका जागी जमतात आणि खाणं संपलं की पांगतात. मिश्र थवा चालत असतो.

---

काजळमाया
१२ जानेवारी, रात्री १०:१५

दादा, मी याच वर्षी पक्षी बघायला लागले. एक मूलभूत शंका. शिलींध्री खोडावर, फुलवेट्टा कारवीत, निखार शेंड्याला. सगळ्यांचं खाणं वेगळ्या ठिकाणी. मग एकत्र फिरून त्यांना काय मिळतं?

---

पानगळ
१२ जानेवारी, रात्री ११:३०

काजळमाया, तुमच्या शंकेतच अर्धं उत्तर आहे.

कारणं मुख्यतः दोन सांगतात. पहिलं डोळ्यांचं. एकटी वटवट्या पानाखालची अळी शोधत असेल तर तिला दर थोड्या वेळाने मान वर करून शिक्रा किंवा बेसरा असा शिकारी पक्षी आहे का ते बघावं लागतं. सोबत तीस पक्षी असले की कुणा ना कुणाचं लक्ष असतंच. दुसरं कारण खाण्याचं. कारवीतून सात फुलवेट्टा खसपसत गेले की किडे उडतात आणि हवेत किडे टिपणाऱ्या मोनार्कला, कोतवालाला ते आयते मिळतात.

हरी श्रीधर, गाय बोशां आणि कार्तिक शंकर या अभ्यासकांनी २००९ मध्ये जगभरातल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मागून चालणाऱ्या जातींबद्दल चित्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं: थव्यात असताना त्या जास्त वेगाने खातात आणि टेहळणी कमी करतात. म्हणजे दोन्ही कारणं खरी. श्रीधर यांचं स्वतःचं काम कर्नाटकातल्या अणशीच्या रानातलं, जे आता काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. आंबोलीपासून ते काही फार लांब नाही, तोच घाट, जवळपास तेच पक्षी.

आता तुमच्या शंकेचा दुसरा अर्धा भाग. वेगवेगळ्या ठिकाणी खाणारे एकत्र येतात हे ऐकायला पटतं, कारण मग भांडण नको. पण २०१२ मध्ये याच मंडळींनी आणखी सहकाऱ्यांसोबत जगभरातल्या थव्यांची आकडेवारी तपासली तेव्हा उलटंच निघालं. आकाराने आणि खाण्याच्या सवयीने एकमेकांसारख्या असलेल्या जाती जास्त घट्ट एकत्र राहतात. मला हे वाचून बरेच दिवस चैन पडलं नव्हतं. मग विचार केला की बरोबरच आहे. माझ्या आकाराच्या पक्ष्याला ज्या शिकारी पक्ष्याची भीती, त्याचीच मला. माझ्या उंचीवर जो चरतो, त्याचाच इशारा माझ्या उपयोगाचा. आणि साधारण माझ्याच वेगाने जो पुढे सरकतो, त्याच्यासोबतच मला चालता येणार.

घाटमाथा, तुमच्या फुलवेट्टांबद्दल एक जुनी गोष्ट आठवली. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स १८४८ ते १८५९ ॲमेझॉनच्या खोऱ्यात होते. दिवसदिवस रानात एक पक्षी दिसत नाही आणि मग अचानक झाडं पक्ष्यांनी भरून जातात, हे त्यांनी लिहून ठेवलंय. तिथल्या मूळ रहिवाशांचं म्हणणं होतं की एक लहानसा करडा पक्षी बाकीच्या सगळ्यांना भुलवून आपल्यामागे रानभर फिरवतो. तेही लोक मोठ्या, रंगीत पक्ष्याचं नाव घेत नव्हते.

---

वेण्णाकाठ
१३ जानेवारी, सकाळी ७:०५

घाटमाथा, नोंद वाचून आनंद झाला, पण निष्कर्षाला माझी हरकत आहे.

तुम्ही फटीच्या कडेला बसलात. फटीत खालून जाणारा पक्षी उघड्यावर येतो आणि तुम्हाला दिसतो. शेंड्याशेंड्यांवरून जाणारा निखार तुमच्या डोक्यावरून पाच मिनिटं आधी गेला असेल तर तुम्हाला कळणारच नाही. आधी दिसला म्हणून कोतवाल पुढारी ठरवणं ही जशी चूक, तशी आधी फट ओलांडली म्हणून फुलवेट्टा पुढारी ठरवणं हीसुद्धा चूक होऊ शकते.

दुसरं, जागेप्रमाणे हे बदलतं. मी महाबळेश्वरला बघतो. उंची तेराशे मीटरच्या वर, वारा आणि पाऊस खाऊन झाडं बुटकी झालेली, वीस-पंचवीस फुटांवर पानांचं छत संपतं. तिथे 'वरचा थवा' आणि 'खालचा थवा' असा फरकच फारसा राहत नाही. रान सलग आहे तिथे फुलवेट्टा आहेत. पण बंगल्यांच्या आणि रस्त्यांच्या मधल्या तुकड्यांत माझ्या थव्यांत पुढे असतात ते चष्मेवाले आणि राखी वल्गुली हे लहान पक्षी. हिवाळ्यात राखी कोतवाल सोबत असतो.

---

घाटमाथा
१३ जानेवारी, दुपारी १:२०

वेण्णाकाठ, फटीबद्दलची हरकत मान्य. मी फक्त ओलांडण्याचा क्रम धरला असता तर नोंद कच्चीच होती. पण वळण्याचं काय? थवा दिशा बदलतो त्या क्षणी कोण आधी वळलं आणि कोण आधीच्या दिशेने जात राहून नंतर परतलं, हे फटीवर अवलंबून नाही. पुढच्या वेळी क्रमापेक्षा वळणं मोजणार आहे. वर बघायला एक आणि खाली बघायला एक, असे दोघं हवेत. कुणी येणार असेल तर कळवा.

---

दुर्बीणवाली
१३ जानेवारी, रात्री ८:५०

मी येते. त्याआधी सिंहराजाबद्दल लिहिते, कारण तिथे मी चार दिवस फक्त हेच बघायला गेले होते.

श्रीलंकेचं सिंहराजा हे डोंगराळ पर्जन्यवन, १९८८ पासून जागतिक वारसा. तिथल्या मिश्र थव्यांच्या नोंदी पक्षीअभ्यासक सरत कोटगम यांनी १९८१ पासून ठेवायला सुरुवात केली. पुढे एबेन गुडेल त्यांच्यासोबत आले. एका थव्यात सरासरी दहाहून जास्त जाती आणि चाळीसच्या आसपास पक्षी असतात. आपल्याकडे मी कधी चाळीस मोजलेले नाहीत. तिथे वाटेवर उभं राहिलं की थवा अंगावरून वाहत जातो. शेवटचा पक्षी येतो तेव्हा पहिला कुठल्या कुठे गेलेला असतो.

तिथे थव्याचा कणा म्हणजे ऑरेंज-बिल्ड बॅबलर. आपल्या सातभाईंच्या जवळचा, सतत किचकिचणारा, टोळीने राहणारा. आणि त्याच्यासोबत जवळजवळ हमखास असतो तो तिथला तुरेवाला कोतवाल, आपल्या भृंगराजाचा भाऊबंद. दोघांची कामं वेगळी आहेत, हे मला तिथे समजलं. सातभाई संख्येने जास्त, आवाज सतत, त्यामुळे बाकीच्यांना थवा कुठे आहे ते कळत राहतं. कोतवाल एकटा-दुकटा, उघड्यावर बसणारा, सगळीकडे नजर ठेवणारा. घाटमाथा, तुम्ही एकाच पदासाठी दोघांना उभं केलंत असं मला वाटतं. रानात पदं दोन आहेत. एक चालवणारा आणि एक राखणारा.

जगभरच्या थव्यांतही असंच दिसतं. पुढे असणाऱ्या जाती बहुतेक वेळा आपापसांतच कळपाने राहणाऱ्या असतात. एकटी फिरणारी जात क्वचितच थवा ओढते.

अजून एक. तिथे थव्यासोबत खारी चालताना पाहिल्या. आपल्याकडे कुणी पाहिलंय का?

---

चौकुळवाट
१४ जानेवारी, सकाळी ६:३०

मी हयलोच. आमच्या परड्याच्या मागे रान असा. सकाळी आठ-साडेआठाक ह्यो थवो येता, ऱ्होज नाय पण आठवड्यातून तीन-चार वेळा. कोतवाल आधी इलेलो माका कधी दिसूक नाय. आधी ते बारके मातये रंगाचे येतत, कुरकुर करीत. आमची आजी कोतवालाक राखणदार म्हणी. तेचा घरटा असला त्या झाडार कावळो फिरकत नाय, म्हणान हळद्यो आणि कवडे थयच जवळ घरटी बांधतत.

पावसात थवो बारको होता. भायरसून येणारे बारके हिरवे पक्षी तेव्हा नसतत ना.

---

पानगळ
१४ जानेवारी, सकाळी ९:००

चौकुळवाट, 'राखणदार' हा शब्द मी उचलला. दुर्बीणवालींच्या दोन पदांपैकी एकाला तुमच्या आजींनी आधीच नाव देऊन ठेवलं होतं.

पावसाळ्याबद्दल अगदी बरोबर. हिरवट वटवट्या, पश्चिमी मुकुटधारी वटवट्या, राखी कोतवाल, हे सगळे हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून हिवाळ्यापुरते येतात. ते गेले की थव्यातली गर्दी ओसरते. शिवाय स्थानिक पक्षी विणीला बसले की जोडीजोडीने आपापल्या घरट्याशी बांधले जातात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या चार महिन्यांच्या नोंदी कुणाकडेच नसतात. तुमचं परडं रानाला लागून आहे. जमेल तसं लिहून ठेवाल का? तारीख, वेळ, कोण आधी, एवढंच.

---

म्हादईतीर
१४ जानेवारी, रात्री १०:०५

गोव्याहून. मोलेच्या रानात मी दहा वर्षं फिरतोय. आमच्या थव्यांत कधीकधी कर्णा असतो, मलबार ट्रोगन. थवा येऊन गेला, चला संपलं, असं म्हणून उठायच्या वेळी मागच्या फांदीवर पाठ करून बसलेला दिसतो. तेव्हा थवा गेला असं वाटल्यावरही पाच मिनिटं हलू नका, हे नवीन मंडळींना माझं सांगणं.

राखणदाराबद्दल मात्र एक प्रसंग सांगायचा आहे.

गेल्या डिसेंबरात एक थवा माझ्यासमोर चरत होता. अचानक शिक्र्याची हाक आली, अगदी जवळून. सगळं रान गोठलं. शिलींध्री खोडाला चिकटून राहिली, चष्मेवाल्यांची चिवचिव बंद. मी शिक्रा शोधतोय. शिक्रा नव्हताच. भृंगराज चोच उघडत होता आणि हाक त्याच्या गळ्यातून येत होती. पंधरा-वीस सेकंदांनी तो आपल्या मूळ आवाजावर आला आणि सगळे पुन्हा चरायला लागले.

त्याने हे का केलं? खाणं पळवायला? आफ्रिकेतल्या कालाहारीच्या कोतवालाबद्दल वाचलं होतं की तो खोटा इशारा देतो, मीरकॅट किंवा सातभाई घाबरून पळाले की त्यांचं भक्ष्य उचलतो.

---

दुर्बीणवाली
१४ जानेवारी, रात्री ११:१०

म्हादईतीर, कालाहारीतलं काम टॉम फ्लॉवर यांचं. तो कोतवाल वेगळ्या जातीचा. एक खोटा इशारा चालेनासा झाला की तो दुसऱ्या जातीचा इशारा वापरतो, असं २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं. पेरूच्या रानात चार्ल्स मन यांनी १९८६ मध्येच असं काहीसं मांडलं होतं: तिथल्या थव्यातले राखणदार दुसऱ्या पक्ष्यासोबत एकाच किड्यामागे लागले की खोटी हाक देतात.

पण आपल्या भृंगराजावर हा आरोप लगेच ठेवू नये. गुडेल आणि कोटगम यांनी सिंहराजात त्याच्या भाऊबंदाच्या, त्या तुरेवाल्या कोतवालाच्या, नकला ध्वनिमुद्रित करून तपासल्या. धोक्याच्या वेळी तो शिकारी पक्ष्यांचे आवाज आणि इतर जातींचे इशारे काढतो. आणि एरवी तो इतर जातींच्या साध्या हाका, गाणी आपल्या आवाजात मिसळतो. अशा नकला मिसळलेलं ध्वनिमुद्रण वाजवलं तेव्हा थव्यातले पक्षी जास्त आले, नुसत्या कोतवालाच्या आवाजाला कमी आले. म्हणजे तो नक्कल करून थवा गोळा करत असावा. पांगलेल्यांना त्यांच्याच भाषेत हाक मारणारा.

तुम्ही पाहिलं त्या वेळी खरोखरच वरून काही गेलं असेल आणि तुम्हाला दिसलं नसेल, हेही शक्य आहे. त्या पंधरा सेकंदांत भृंगराजाने झेप घेऊन काही टिपलं का? आठवतं?

---

म्हादईतीर
१५ जानेवारी, सकाळी ७:४०

नाही. तो जागचा हलला नाही. खाणं पळवलं नाही एवढं नक्की सांगू शकतो. आरोप मागे.

---

काजळमाया
१५ जानेवारी, दुपारी ३:३०

मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज वाजवला की थवा लगेच समोर येतो असं एका सहलीत शिकवलं होतं. तसं करून क्रम बघता येईल का?

---

वेण्णाकाठ
१५ जानेवारी, सायंकाळी ६:१५

कृपया करू नका. हे मी कळकळीने लिहितोय.

जंगली पिंगळ्याचा आवाज ऐकला की लहान पक्षी त्याला हुसकायला गोळा होतात. हातातलं चरणं सोडून, उघड्यावर येऊन. ज्या भीतीपोटी हे पक्षी एकत्र फिरतात, तीच भीती आपण फोटोसाठी बटण दाबून जागी करतो. हिवाळ्यात दिवस लहान असतो, आणि सात-आठ ग्रॅमच्या वटवट्येला दिवसभर पोट भरत राहावं लागतं. महाबळेश्वरला एकाच वाटेवर एका सकाळी तीन गटांनी तोच आवाज वाजवलेला मी पाहिलाय. तिसऱ्या वेळी तर पक्षीही आले नाहीत.

आणि नोंदीच्या दृष्टीनेही ते निरुपयोगी आहे. आवाजाला गोळा झालेला जमाव हा मिश्र थवा नव्हेच. घाटमाथांनी सुरुवातीला लिहिलेली व्याख्या बघा: थवा चालत असतो. तुम्ही त्याला थांबवलंत की त्याचा पुढारी कसा कळणार?

---

काजळमाया
१५ जानेवारी, सायंकाळी ७:००

समजलं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा करणार नाही.

---

चौकुळवाट
१६ जानेवारी, सकाळी ६:४५

एक अजून. आमच्या खालच्या अंगाक काजूची बाग असा. थवो रानातसून येता तो बागेच्या गडग्यापर्यंत. चष्मेवाले, कोतवाल बागेत जातत. मातये रंगाचे थयसूनच परततत. बागेखाली साफ केलेला, कारवी नाय, झुडूप नाय. थोड्या वेळान कोतवालय मागे जाता.

---

पानगळ
१६ जानेवारी, सकाळी ८:३०

चौकुळवाट, या धाग्यातली माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची नोंद ही आहे. दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागांत मीही थवे शोधले, सुटे पक्षी मिळतात, चालता थवा मिळत नाही. खालचं झुडूप गेलं की फुलवेट्टा जातात. आणि ते थव्याचा कणा असतील तर त्यांच्यासोबत चालणाऱ्या आठ-दहा जातींची सोबतही जाते, त्या जाती तिथे अजून दिसत असल्या तरी. नुसती जातींची यादी केली तर काजूच्या बागेची यादी फार वाईट दिसणार नाही. थवा मोडलाय हे यादीत उमटतच नाही.

---

घाटमाथा
२० जानेवारी, रात्री ८:००

शनिवार-रविवार दोन्ही सकाळी दुर्बीणवाली आणि मी बसलो. मी खाली, त्या वरच्या शेंड्यांवर लक्ष ठेवून. एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या वह्यांत लिहिलं आणि नंतर घड्याळाच्या वेळा जुळवल्या. चार थवे मिळाले, त्यांत नऊ स्पष्ट वळणं.

वेण्णाकाठ, तुमची हरकत एका बाबतीत खरी ठरली. रविवारच्या पहिल्या थव्यात निखार फटीवरून फुलवेट्टांच्या आधी दोन मिनिटं गेले होते. मला खाली काहीच कळलं नव्हतं, दुर्बीणवालींच्या वहीत वेळ होती. म्हणजे ओलांडण्याचा क्रम धरून चालणार नाही.

वळणांचं असं: नऊपैकी सहा वेळा फुलवेट्टा आधी वळले. दोनदा कोण आधी ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. एकदा निखार आधी वळले आणि फुलवेट्टा त्यांच्यामागे गेले. भृंगराज एकदाही आधी वळला नाही. चार थव्यांवरून काही सिद्ध होत नाही, पण वहीतला 'पुढारी' हा रकाना मी काढून टाकलाय. आता दोन रकाने आहेत: 'आधी वळले' आणि 'राखणदार'.

शनिवारी ९:२० ला सर्पगरुड वरून गेला. भृंगराजाने हाक दिली, पण थवा गोठला नाही. फुलवेट्टा क्षणभर थांबून पुन्हा पानं चाळायला लागले. सर्पगरुडाची हाक आणि शिक्र्याची हाक यांत ते फरक करतात का, हे बघायला हवं. म्हादईतीर, मोलेत तुम्ही यावर लक्ष ठेवाल का? राखणदाराने हाक कुठली दिली आणि नंतर किती सेकंद शांतता होती, एवढं लिहा.

आणि दुर्बीणवालींच्या खारीच्या प्रश्नाला: रविवारी तिसऱ्या थव्यामागे एक खार होती, अकरा मिनिटं, त्याच दिशेने. वहीत लिहून ठेवली आहे.

---

चौकुळवाट
२१ जानेवारी, सकाळी ८:५५

आज ८:३५. मातये रंगाचे पाच, आधी. मग निळो एक, चष्मेवाले बरेच, शेवटाक कोतवाल. गडग्यापासून परतले. वही घातलंय.